बोटांमधली फट

तिथीची पाऊणपट करायची,
निघेल तो आकडा भरतीचा.
अष्टमीला सहा. म्हणजे भर दुपारी बाराला
पूर्णगडची खाडी पोट उघडं टाकून पडलेली.
हे गणित विद्यापीठात नव्हतं,
आणि विद्यापीठात जे होतं
ते आईला सांगायला मला एकतीस वर्षं लागली.

नोंदवही पहिली. एकोणीसशे ब्याण्णव, फाल्गुन वद्य अष्टमी.
तिसऱ्या दोनशे चौदा. सरासरी एक्केचाळीस मिलिमीटर.
शाई फुटलेली, कोपऱ्यात चिखलाचा अंगठा.
कॅलिपर उसना.
पलीकडे गुडघाभर पाण्यात आई, शेवंतीकाकी, सकीनाबी,
पायाच्या बोटांनी रेव चाचपत.
"काय गो, मोजून मोठ्या होतात व्हय?"
सगळ्या हसल्या. सकीनाबी सगळ्यात उशिरा थांबली.

वाघवाल्यांना जीप मिळायची,
मला एसटीचा पास.
हैदराबादच्या परिषदेत एकाने विचारलं,
शिंपल्यांत बघण्यासारखं काय असतं?
मी म्हटलं, वळ्या.
तो चहा आणायला गेला तो गेलाच.

चाळीस. अडतीस. पस्तीस.
आलेख ओहोटीसारखा, पण भरती नाही.
आधी मी वाळूच्या पंपांना शिव्या घातल्या,
मग पाण्याचा खार मोजला, मग उष्मा, मग धरण.
दोन वर्षं गेली, एक शिष्यवृत्ती गेली,
ठरत आलेलं एक लग्नही त्यातच कुठेतरी.
मग एका भांगाला सकीनाबी म्हणाली,
पिराच्या खालच्या अंगाला कुणी हात घालत नाही, तिथं बघ.
बघितलं.
तिथे अजून एक्केचाळीस.

पिलं पाण्याबरोबर वाहतात, मिसळतात,
असं परीक्षकाने लाल शाईत लिहिलं. खरं आहे.
तरी दोन्हीकडची एकाच टाकीत वाढवली, एकाच पाण्यावर,
तर पिराकडची पहिली अंडी पस्तीसला
आणि आमच्याकडची चोवीसला.
लवकर मोठं व्हायचं, लहान असतानाच.
तक्त्यात एक रकाना होता: निवडणारा घटक.
तिथे मी लिहिलं, मनुष्य.
ती साडी खोचून उभी असते, हे लिहायला जागा नव्हती.

कारण आईचा नियम होता.
पाण्यात मूठ बुडवायची, बोटं फाकवायची, हलवायची.
खाली पडेल ती खाडीची.
"बारक्यांना पोरं होऊ देत, मग बघू."
एवढी दया. चाळीस वर्षं, दर ओहोटीला.

थोरली प्रमिला हाडापेराने दांडगी,
दहाव्या वर्षी पाटी डोक्यावर घेऊन बाजारात गेली.
मी किरकोळ. पाटी पेलवेना,
म्हणून मला दुसरी पाटी दिली,
खडूची.

परवा एकशिपी करताना सांगितलं सगळं.
आई शिंपी उघडत होती, हात थांबला नाही.
"म्हणजे मोठ्या टाकायच्या होत्या?
बारक्या आणून तुमची पोटं भरली असती?"
मी गप्प.
"आणि पिराकडच्या खाल्ल्या असत्या, तर तुझा अभ्यास झाला असता?"
यालाही माझ्याकडे रकाना नाही.

जेवणं झाल्यावर तिने हात धुतला,
पुसला नाही.
सुजलेल्या सांध्यांची बोटं फाकवून
माझ्यासमोर धरली, पाण्यात धरायची तशी.
मोज, म्हणाली.

पंचवीस.

मी नोंदवलं. तारीख घातली.
ती म्हणाली, उद्या दशमी,
दीडला ओहोटी.